एक स्टार देणारा कोण?

३ मार्च, सकाळी ९
आमच्या टेलरिंगच्या दुकानाच्या पेजवर एक स्टार! 'कोटाची एक बाही लांब, एक आखूड...' खाली 'पुढे वाचा' होतं. वाचतो कशाला? नाव नाही, फोटो मांजराचा. खोटा रिव्ह्यू, दुसरं काय! आठवड्यात पकडतो. माझं मत पक्कं आहे: जबाबदार फक्त लिहिणारा. आत टाका लेकाला.

३ मार्च, दुपार
समोरच्या टेलरकडे तोंडाला रुमाल बांधून गेलो. या शेठ, म्हणाला. ओळखलं कसं? संशयास्पद. त्याच्याकडे कुत्रा आहे. संशय येऊ नये म्हणूनच मांजर पाळलं नसणार.

५ मार्च
ही म्हणाली, अहो, आपले तेवीस पाच-स्टारवाले कोणी लिहिले? साडूने पाच, मेहुणीने चार, बाकीचे मी. पण त्यामागे भावना खरी होती! सुधारित मत: जबाबदार ॲप. छापतात कशाला?

८ मार्च
सापडला! बाहीतला फरक बाहेरच्याला काय कळणार? घरचाच माणूस. कारागीर काका. अठरा वर्षं इथे, पण हल्ली मोबाईल बघून हसतात. विचारलं, तर म्हणे टाइप करता येत नाही, नातीचे व्हिडिओ बघतो. उत्तर अगदी तयार! उद्यापासून येऊ नका म्हटलं. त्यांनी कात्री पुसून जागेवर ठेवली आणि गेले. वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

९ मार्च
ॲपला कडक तक्रार: पेज तपासा, एकही खोटा रिव्ह्यू सोडू नका. हिने वाचून कपाळाला हात लावला. भारावली असावी.

१२ मार्च
शर्टाची काजं मी केली. बटणं आत जातात, बाहेर येत नाहीत. मशीन जुनं झालंय.

१४ मार्च
ॲपचं उत्तर: तेवीस खोटे काढले. एक खरा, तो ठेवलाय. शेवटी 'पुढे वाचा' दाबलं. 'काका रजेवर होते, मालकांनी स्वतः शिवला. काका असते तर पाच स्टार.'
अरे देवा.

१५ मार्च
काकांना आणायला निघालो. लांब जावंच लागलं नाही. समोरच्याच दुकानात काजं करत बसले होते. या शेठ, म्हणाले, खुर्चीही पुढे केली. माफी मागायची होती. शर्टाची उसवलेली बाही दाखवली. बाहीला शिलाई मारून द्याल का, एवढंच विचारलं.
घरी येऊन समोरच्याच्या पेजवर लिहिलं: 'काकांसारखा कारागीर नाही.' पाच स्टार. आयुष्यातला पहिला खरा रिव्ह्यू.
दहा मिनिटांत ॲपने काढला. खोटा वाटतो म्हणे.