करड्या झग्याची तपकिरी किनार

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचा रेघांचा करडा झगा पोचला. कापडटंचाईच्या त्या दहा वर्षांकडे आमच्या वस्त्रसंग्रहालयात कुणी ढुंकून पाहत नाही. आधीचे घोळदार रेशमी झगे आहेत, नंतरची फुलाफुलांची छपाई आहे. मधल्या बायका जणू दिगंबर हिंडत होत्या! यंदा मात्र अभिरक्षक या नात्याने हाच झगा मी मधल्या काचकपाटात मांडतोय. माहितीपाटीही मीच लिहिली: ‘घेराची तपकिरी किनार हा भूमितत्त्वाचा आविष्कार. चौथे विजोड बटण म्हणजे सममितीविरुद्ध मूक विद्रोह. शिवणार: अज्ञात.’ दुकानाचा शिक्का नसला की ‘अज्ञात’ लिहायचं, असा नियम आहे. आईला वाचून दाखव, खूश होईल.

लोभ असावा, तोही ऐसपैस घेराचा.
धाकटा

९ मार्च

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं भूमितत्त्व म्हणजे तुझीच शाळेची चड्डी, मागची बाजू. कापली तेव्हा दोन दिवस भोकाड पसरलं होतंस. मूक विद्रोह म्हणजे बाबांच्या कोटाचं बटण. अरे, कापड संपलं होतं!

कौतुकच करायचंय ना, मग झगा उलटा करून बघ. पावणेतीन वारांत आईनं घेराच्या सहा तिरक्या कळ्या बसवल्या, रेघेला रेघ जुळवून. चालताना घेर असा फिरायचा की शेजारणी खिडकीत यायच्या.

पाटी ऐकताना आई हसत होती. ‘अज्ञात’पाशी थांबली. असू दे, म्हणाली. तेव्हापासून मशीनवरचं कापड तसंच पडलंय, आणि उद्घाटनाला यायचं नाही म्हणते. तत्त्वांचं राहू दे, तेवढं नावाचं बघ.

माया आहेच, अक्कल वाढव.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, पैकी एक अंग सध्या प्रदर्शनात आहे.

नाव घालायला संचालकांनी पुरावा मागितला. शाळेच्या शर्यतीतला फोटो दिला: मी सर्वांत मागे, पाठमोरा, तीच चड्डी. तो आता झग्याशेजारी लावलाय. लोक किनार बघतात, फोटो बघतात, मग मला शोधतात.

आईला आग्रहानं उद्घाटनाला न्यायला आलो तेव्हा पाटी बदलल्याचं मुद्दाम सांगितलं नाही. तू गुडघ्यापायी घरीच राहिलीस, म्हणून कळवतो. पाटीवर आता आईचं पूर्ण नाव आहे. खाली, ‘किनार: अभिरक्षकांच्या सौजन्याने.’ तिनं दोनदा वाचलं. मग चष्मा सावरून म्हणाली, किनार उसवलीय, कपाट उघडा. वस्तूंना हात लावायचा नसतो, असं संचालक सांगेपर्यंत तिची पिशवीतली सुई ओवून झाली होती. पांढरे हातमोजे घातलेले आमचे तज्ज्ञ भिंतीला टेकून उभे राहिले.

निघताना तिनं माझ्या नव्या पँटचं कापड चिमटीत धरून पाहिलं. चांगलं आहे, म्हणाली.

मशीन सुरू झालं असेल तर वेळीच कळव. लोभाबरोबर पँटवरही लक्ष असू दे.
धाकटा