खालची खोली उघडी ठेवण्याबाबत

मी, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली ग्रंथपाल, वय सत्तरीच्या पुढे, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा जास्तच शाबूत आहे, तसं लिहू का?" दाखल्यावर तेवढी जागा नव्हती. मी कुणाच्याही दडपणाखाली नाही. आजवर ज्यांनी दडपण आणून पाहिलं, त्यांची व्यवस्था पुढे कलमवार केली आहे.

कलम १. घर. हे घर माझ्या पगारातून बांधलेलं, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित माझ्याकडे फक्त आवाज आहे. मला मूलबाळ नाही. काही न लिहिता मी डोळे मिटले, तर सगळं घर माझ्या धाकट्या भावाकडे जाईल. तो शाळेच्या पुस्तक-तपासणी समितीचा अध्यक्ष असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी खालच्या खोलीला कुलूप घालेल. तसं होऊ नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

खालच्या खोलीत समितीने ग्रंथालयातून हाकललेली पुस्तकं आहेत, आणि शाळा सुटल्यावर ती वाचायला येणारी मुलं. ही खोली, त्यातली कपाटं, बाकं आणि पंखा (कुरकुरतो, पण फिरतो) मी माझ्या भाचीला, म्हणजे याच भावाच्या मुलीला, देत आहे. ती जीवशास्त्र शिकवते आणि बापाला घाबरत नाही. या कामाला दोन्ही लागतं. तिने शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत दार उघडं ठेवावं आणि कोण काय वाचतंय याची चौकशी करू नये.

वरचा मजला भावाला. तो या वयात भाड्याच्या घरात राहतो आणि घरमालकाने त्याच्या नाकी नऊ आणले आहेत. भांडण आहे म्हणून सख्ख्या भावाला वाऱ्यावर सोडणाऱ्यांतली मी नाही. खालच्या पोरांचा गलका त्याला वर ऐकू येईल, याचा मी विचार केला आहे आणि मला तो आवडला आहे.

कलम २. पुस्तकं. समिती जन्माला आली ती बेडकांमुळे. प्राणिजीवनाच्या पुस्तकातल्या एका चित्रात बेडूक एकटा नाही, अशी एका पालकाची तक्रार आली. माझ्या भावाच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. मग एका कवितासंग्रहात राजा घोड्यावरून पडतो म्हणून एक सभासद दुखावला. हा गृहस्थ राजा नव्हता आणि घोड्यावर कधी बसलाही नव्हता, पण टोचलं खरं. एका गोष्टीतली मुलगी वडिलांना "का?" असं विचारते आणि शेवटपर्यंत माफी मागत नाही, म्हणून तीही गेली.

माझा नियम साधा होता. ज्याला आक्षेप असेल त्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं, मग खुशाल बोलावं. भरल्या सभेत भाऊ म्हणाला, "ताई, विष ओळखायला ते प्यावं लागत नाही."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं पिणारी पोरं धडधाकट कशी रे?"

सभा हसली. त्याच संध्याकाळी पुस्तकं रद्दीत गेली. रद्दीवाला हातगाडी घेऊन थेट माझ्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, तुमची माणसं आलीत, उतरवून घ्या." त्याचा काटा नेहमी त्याच्या बाजूने झुकतो, पण त्या दिवशी त्याने तो बाहेर काढलाच नाही. ही सगळी पुस्तकं भाचीला.

कलम ३. खळीचं भांडं आणि ब्रश. हे मुख्याध्यापकांना द्यावं. मानवी शरीराच्या पुस्तकातली नको ती पानं एकमेकांना चिकटवण्याचं काम त्यांनी जातीने केलं. तोवर त्या पुस्तकावर धूळ होती. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. मुलांनी पानं उजेडाला धरली, फुंकर घातली, शेवटी एका मुलीने घरी नेऊन वाफेवर धरली. आत मूत्रपिंड निघालं. सरांनी लाजेने डोळे मिटून भलतीच पानं चिकटवली होती. त्या वर्षी मूत्रपिंडाच्या प्रश्नाला सबंध वर्गाला पैकीच्या पैकी गुण मिळाले, याचं श्रेय सरांना न देणं कृतघ्नपणा होईल.

कलम ४. "शांतता राखा" ही पाटी. ही भावजयीला. नवऱ्याच्या खुर्चीसमोर लावावी. इतकी वर्षं तिने जे ऐकून घेतलं, त्यापुढे ही पाटी म्हणजे काहीच नाही.

कलम ५. भाऊ. त्याच्याविषयी लिहून ठेवते, कारण तोंडावर बोलले तर तो मध्येच बोलतो. माझा भाऊ हट्टी आहे, तोंडाळ आहे आणि लोक काय म्हणतील या भीतीने अर्धमेला झाला आहे. लहानपणी मी त्याला गोष्टी वाचून दाखवायची. राक्षस आला की माझा हात करकचून धरायचा आणि तरीही म्हणायचा, "थांबू नको, पुढे वाच." तो मुलगा मला फार आवडायचा. अध्यक्ष मला आवडत नाही. त्याचा राग आहेच, पण दुःख रागाहून मोठं आहे.

कलम ६. साक्षीदार. दोन साक्षीदारांच्या सह्यांशिवाय या कागदाला रद्दीची किंमत, असं वकीलबाईंनी बजावलं. रद्दीवाल्याने सगळं वाचून घेतलं, काट्याबद्दलच्या वाक्यापाशी थबकला आणि "लिहिलंय खरं तेच, जाऊ दे," म्हणून सही करायला तयार झाला.

दुसऱ्या सहीने मात्र घाम फोडला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तेवढं मूत्रपिंड काढा, मी आत्ता सही करतो."

"सर, आधी तुम्हीच चिकटवलंत, आता काढा म्हणता?"

ते चहा न घेता गेले. डॉक्टरांनी अध्यक्षांचा उल्लेख पाहिला आणि चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा त्यांच्या नाकावर होता. शेजारच्यांना पाचवं कलम नको होतं, त्यांच्या जावयाला दुसरं. सगळ्यांचं ऐकलं असतं तर पंखा तेवढा उरला असता.

आज भाऊ स्वतः आला. दारातूनच गरजला, "माझी बदनामी लिहितेस म्हणे?"

"बैस. आधी सगळं वाच. नियम ठाऊक आहे ना?"

कसं कोण जाणे, पण तो बसला. मुलं आपापल्या पुस्तकात होती, त्यांच्यातच एका बुटक्या बाकावर गुडघे वर करून त्याने पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्या कलमाला लाल झाला. तिसऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. पाचव्यापाशी बराच वेळ थांबला. आता फाडतो, असं मला वाटलं. त्याने पेन मागितलं.

सह्यांसाठी येऊन बसलेल्या वकीलबाई घाईने म्हणाल्या, "साहेब, थांबा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. सही केलीत तर वरचा मजला गेला."

"आणि नाही केली तर?"

"आज दुसरं कुणी तयार नाही. हे असंच राहिलं आणि बाईंचं काही बरंवाईट झालं, तर सगळं घर तुमचंच."

मी म्हटलं, "अरे, नीट विचार कर. घर आहे ते."

"भाडं भरायची सवय आहे मला," तो म्हणाला. "पण ताई, यातलं निम्मं खोटं आहे. तसं लिहायची सोय आहे का?"

"सहीखाली लागेल तेवढी जागा आहे."

सबब वरचा मजलाही भाचीला. तिच्या बापाला तिने तिथे राहायला बोलावलं, तर माझी हरकत नाही.

ठिकाण: माझ्या घराची खालची खोली, दार उघडं.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती.

लिहून ठेवणार: ग्रंथपाल (निवृत्त). सही.

साक्षीदार पहिला: रद्दीवाला. सही.

साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ. सही.
मजकूर पूर्ण वाचला. बराचसा मान्य नाही. एकही शब्द खोडू नये.