आबांच्या हातातली बंदूक

शिंदखेडा

हितेंद्र,

हे पत्र पाठवणार नाही. तू त्याचंही स्टेटस ठेवशील.

आबांच्या दशक्रियेला चौकात लावलेल्या तुझ्या फ्लेक्सची अजून किळस येते. आबा पलटणीत स्वयंपाकी होते. "जवान मी जेवू घातले," असं ते ताठ मानेने सांगायचे. रिटायर झाल्यावर घरचं वांग्याचं भरीतही तेच करायचे, आईला चुलीपुढे बसू द्यायचे नाहीत. तुला त्याचीच लाज. म्हणून त्यांचं तोंड परक्या धडावर चिकटवलंस, पिळदार मिशा लावल्यास, हातात बंदूक दिलीस. शेजारी तुझा फोटो, त्यांच्याहून मोठा.

आई फ्लेक्सपुढे थबकली. "हाऊ कोन शे वं?"

मी म्हटलं, "हितेंद्रना बाप."

नाइलाजाने तुझी,
अक्का