लिफाफ्यावरचं नाव

प्रिय टॅबिथा,

लिफाफ्यावर 'मिसेस होलरॉइड' लिहायला तुला कोणी सांगितलं होतं? काळ्या काठाचा लिफाफा, वर टपोऱ्या अक्षरात ते नाव, आणि पडला कुठे, तर पुढच्या दारातल्या तबकात, थेट कथबर्टच्या नाकाखाली. मालकांचा हा पुतण्या मयतीला आला तो अजून हललेला नाही. खुर्च्या उलट्या करून लाकूड तपासतो. लिफाफा दोन बोटांत धरून तो स्वयंपाकघरात आला नि म्हणाला, "हे तुमचं की भुताचं? काकू तर तीस वर्षांपूर्वी वारल्या." मी म्हटलं, बहीण अडाणी आहे, घराचं नाव माझ्या नावाला चिकटवलं तिनं. तो हसला. पण टपालाचा शिक्का वाचूनच गेला.

तुला लिहिलं होतंच, मृत्युपत्रात घर, बाग, सगळं लेटीच्या नावावर आहे. मालकांची ही पोरकी पुतणी चार वर्षांची असताना या घरात आली तेव्हा तिला धड उभं राहता येत नव्हतं. माझ्या चुलीपाशी टेबलाचा पाय धरून चालायला शिकली ती. आता एकोणीस वर्षांची आहे, अजून लंगडते, आणि कथबर्ट म्हणतो, घर आपल्याकडे आलं की हिला आपल्या सासूबाईंकडे पाठवू, प्रवचनं वाचून दाखवायला. त्या बाईकडून आजवर तीन पोरी पळाल्यात. तिघींचे पाय धड होते.

शनिवारी वकील जेवायला आला. कथबर्टनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकांनी म्हातारपणी कुठं लग्नबिग्न केलं असतं तर?" वकिलाचं तोंड मटणानं भरलेलं. म्हणाला, "मग हा कागद गेला. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द. घर वारसाचं, म्हणजे थोरल्या पुतण्याचं. तुमचंच की." माझ्या हातात रश्श्याचं भांडं होतं. थोडा रस्सा कथबर्टच्या मांडीवर गेला. मी माफी मागितली नाही.

मार्चमधली ती सकाळ आठवते ना? तुम्ही दोघं नवरा-बायको साक्षीला, तुझ्या जोनासच्या बुटांना मासळीचा वास, आणि पाद्र्यानं दोनदा विचारलं की वधू कोणती. मालक परत येताना गाडीत म्हणाले, "मी गेलो की हे लोक तुला मागच्या दारानं काढतील, केझाया. आता नाही काढता येणार." त्यांना वाटलं, माझी सोय झाली. वकिलाला आधी विचारा, असं मी म्हटलं होतं. तर म्हणे, तो आला की जेवल्याशिवाय जात नाही. एक जेवण वाचवलं त्यांनी, टॅबी, आणि पोरीचं घर टांगणीला लावलं. तिच्या वाढदिवसाला सगळ्यांना सांगणार होते. आठ दिवस कमी पडले.

बावीस वर्षं नवरा नसताना सगळे मला 'मिसेस बॅटी' म्हणत आले, कारण स्वयंपाकिणीला तसंच म्हणतात. नवरा झाला, तेव्हा तेच नाव पुढं चालवायचं. मयतीच्या दिवशी चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर नोकरांत बसले. लेटीनं माझ्या दंडाला काळी फीत बांधली. तिला काही माहीत नाही, आणि कळता कामा नये. कळलं तर ती वेडी पोर स्वतः जाऊन सांगेल.

आता ऐक. गुरुवारी कथबर्ट तुझ्याकडे येतोय. मोठा हॅम बांधून घेतलाय त्यानं. गोड बोलेल, तुमच्या बहिणीला तिचा मान मिळवून देतो म्हणेल. तू विरघळशील, कारण मी पुढच्या दारानं जावं हे माझ्यापेक्षा तुलाच जास्त वाटतं. म्हणून तर तो लिफाफा लिहिलास, ते काय मला कळत नाही? पण मला तो मान नको. विधवेला काही मिळतं म्हणे, तेही नको. हॅम ठेवून घे, आणि चर्चचं नाव सांगू नकोस. तुमच्या किनाऱ्यावर चर्चं पुष्कळ आहेत, हिंडू दे त्याला. जोनासलाही दम दे, त्याला दोन पेले पाजले की तो सगळं ओकतो. लग्नाचा दाखला जाळू मात्र नकोस. मिठाच्या बरणीखाली आहे तिथंच राहू दे.

बुधवारच्या टपालानं उत्तर हवं. गप्प राहशील की नाही, एवढंच लिही. आणि लिफाफ्यावर बॅटी लिही.

तुझीच थोरली,
केझाया बॅटी