श्री. आमोगिस यांनी न पुरलेल्या सळयांबाबत

प्रति,
मा. नगर अभियंता,
नगर कार्यालय, सांता फिलोमेना,
बोहोल प्रांत.

अर्जदार : श्रीमती एस्कोलास्तिका लुमांतास, राहणार कांदाओ वाडी, खाडीकडची बाजू.

विषय : परवानाधारक वायरमन श्री. हेरोनिमो आमोगिस यांनी कांदाओ वाडीत केलेल्या वीजकामाची, त्यातही प्राथमिक शाळेच्या कामाची, दुसऱ्या गावच्या वायरमनकडून तपासणी होणेबाबत.

संदर्भ : १) माझा मे महिन्यातील अर्ज. २) प्रकरण निकाली काढल्याचे व मला समज दिल्याचे आपले दि. २२ जुलैचे पत्र.

महोदय,

आपले पत्र मिळाले. प्रकरण संपले असे आपण त्यात कळवले आहे. ते माझ्या घरात संपलेले नाही व वाडीतही संपलेले नाही, म्हणून पुन्हा तसदी देत आहे. पत्राच्या शेवटी 'अर्जदाराने यापुढे पाळीव जनावर घेऊन इतरांच्या आवारात फिरू नये' अशी समज मला देण्यात आली आहे. त्याचाही खुलासा खाली केला आहे.

१. मी कांदाओ वाडीची कायम रहिवासी असून ताडाच्या धाग्याची कापडे विणून माझे व माझी मुलगी क्लारिबेल (वय २०) हिचे पोट चालते. माझे पती हयात नाहीत. मागच्या मोठ्या वादळात आमचे घर गेले. यंदा जानेवारीत नवे घर छपरापर्यंत आले तेव्हा वायरिंगचा प्रश्न निघाला. आपल्या कार्यालयाच्या दाराशी फलक आहे, की घरातील वीजकाम पात्र, परवानाधारक व स्थानिक वायरमनकडूनच करून घ्यावे. मी तो उभी राहून वाचला आणि त्याबरहुकूम वागले, हे प्रथम नोंदवते. माझा दीर सेबूहून माणूस आणतो म्हणत होता. मीच त्याला म्हटले, "घरचा माणूस असताना परका कशाला?"

२. घरचा माणूस म्हणजे श्री. आमोगिस. वाडीत त्यांना सगळे इमोय म्हणतात. ते व माझे पती एकाच बोटीवर मासेमारीला जात. क्लारिबेलच्या बाप्तिस्म्याला तेच धर्मपिता म्हणून उभे राहिले. तेव्हापासून ते मला कुमारे म्हणतात व मी त्यांना कुम्पारे. पुढे ते बोट सोडून वीजकाम शिकायला शहरात गेले. तेव्हा त्यांची बायको-मुले आमच्याच चुलीवर जेवली. हे उपकार म्हणून सांगत नाही. माझा त्यांच्यावर किती विश्वास होता ते आपल्या लक्षात यावे म्हणून सांगते. खाडीच्या या बाजूला परवाना असलेला दुसरा वायरमन नाही.

३. काम सुरू झाले त्या दिवशी त्यांनी तांब्याचा मुलामा दिलेली लांब सळई मला दाखवली. म्हणाले, "कुमारे, ही म्हणजे घराचा राखणदार देवदूत बघ. कुठं लोखंडात वीज उतरली, तर ही तिला धरून खाली मातीत नेते. पण पुरती आत जायला हवी. माणूस उभा गाडावा त्याहून खोल."

मी म्हटले, "मग ठोका की, कुम्पारे. मी जेवणाचं बघते."

मी केळीच्या पानात चिकट भाताचे बुडबुड बांधत होते. मागच्या अंगणातून हातोड्याचे घाव ऐकू आले आणि लवकरच थांबले. मला वाटले, हात बसलेला माणूस आहे. बाहेर येऊन पाहिले तर सळईचे टोक जमिनीतून वितभर वर होते, त्याला हिरवी वायर आवळलेली होती आणि कुम्पारे हात धूत होते. ते पोटभर जेवले. जाताना त्यांनी क्लारिबेलच्या डोक्यावर हात ठेवला. काम योग्य झाल्याचा त्यांच्या सहीचा दाखला आपल्याकडे आहेच.

४. मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी क्लारिबेल धागा रंगवायला बसली होती. पाण्यासाठी तिने मोटर लावली व मोटरला हात लावला. ती ओरडलीसुद्धा नाही. मी माग सोडून बाहेर आले तेव्हा तिचा उजवा हात मोटरला चिकटलेला होता आणि तोंड उघडे होते. मी मागाची लाकडी फळी घेऊन तिच्या मनगटावर मारली. आपल्याच लेकीला इतक्या जोरात मारावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. ती सुटली. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटे आता मिटत नाहीत. विणणाऱ्या बाईची बोटे गेली म्हणजे काय होते, हे माननीयांस वेगळे सांगायला नको.

५. तागबिलारानच्या इस्पितळात श्री. आमोगिस आले ते पपनस घेऊन. पलंगापाशी गुडघे टेकून मोठ्याने रडले. "माझ्याच लेकीला, कुमारे, माझ्याच लेकीला!" शेजारच्या पलंगावरची बाई मला म्हणाली, "बाप किती हळवा आहे गं हिचा." मीच त्यांना उठवले, पाणी दिले आणि म्हटले, "कुम्पारे, तुमचा काय दोष? यंत्र आहे ते." माननीय महोदय, त्या वेळी मी त्यांचे सांत्वन करत होते, हे कृपया ध्यानात घ्यावे.

६. आता डुकरिणीबाबत. एप्रिलमध्ये तिचा खुंटा मोडला म्हणून मी तिला तात्पुरते त्या सळईला बांधले. शेजारच्या कुत्र्याने हूल दिली तशी ती उधळली, आणि सळई उपटून, हिरव्या वायरीसकट, मिरचीच्या वाफ्यातून फरफटवत घेऊन गेली. मला वाटले होते, माणूसभर लांब काहीतरी मागोमाग येईल. आला तो हातभर तुकडा. वर वितभर आणि खाली तेवढाच. टोकाला करवतीने कापल्याची खूण होती. मुळा उपटावा तसा तो निघाला होता. मी तो धुऊन क्लारिबेलला दाखवला. तिने तो डाव्या हाताने उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

७. मी श्री. आमोगिस यांच्याकडे गेले. वाटेत मनाशी म्हणत होते की ते म्हणतील, चूक झाली. मग मी काय उत्तर देऊ? ते म्हणाले, "कुमारे, खाली खडक लागला असेल. बोहोलची जमीन, तुला ठाऊक आहे."

मी म्हटले, "खडक करवतीने कापतो का?"

यावर त्यांच्या पत्नीने दार लावून घेतले. माझ्या चुलीवर जेवलेली बाई ती.

८. मग मी आपल्याकडे अर्ज केला. शेजारच्या सहा घरांनी त्यावर सह्या केल्या होत्या. आपल्या कार्यालयाने तो 'नजीकच्या पात्र स्थानिक वायरमनच्या अभिप्रायासाठी' पाठवला. नजीकचे पात्र स्थानिक वायरमन श्री. आमोगिस हेच असल्याने त्यांनी स्वतःच्या कामाची पाहणी करून ते उत्तम असल्याचा अभिप्राय दिला व 'डुकराकरवी केलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही' असेही लिहिले. आपल्या कार्यालयाने ते मान्य केले. मी घरातला मेन स्विच पाडून तेलाचा दिवा लावून बसले व खांबावरून वीज तोडण्याची विनंती केली, तेव्हा उत्तर आले की जोडणी तोडण्यासाठी ज्यांनी काम केले त्यांचाच दाखला लागेल. तो मागायला मी गेले नाही.

९. मे महिना हा फिएस्तांचा, म्हणजे गावोगावच्या संतांच्या जत्रांचा. सही केलेल्या सहा घरांपैकी एकाचा पंखा बिघडला, एकाचा फ्रीज. चर्चपुढच्या माळांचे दिवे लावायचे होते. एकेक सही परत घेतली गेली. शेजारची नेनिता (ती मला तिकाय म्हणते) तोंड चुकवत म्हणाली, "तिकाय, राग धरू नकोस गं. इमोयनं येणं बंद केलं तर आमचं मासे ठेवायचं बंद होईल." वाडीचे प्रमुख, कापितान, तर सभागृहात सर्वांदेखत म्हणाले, "फिएस्ता तोंडावर आलाय बाई. दिवे कोण लावणार, तुझी डुकरीण?" सगळे हसले. मीही हसले असावे, कारण माझा चेहरा तसाच हसरा राहिला होता असे क्लारिबेल नंतर म्हणाली.

१०. जूनमध्ये सुनावणी झाली. आपण स्वतः हजर होता, म्हणून जास्त लिहीत नाही. क्लारिबेलला उभे करून विचारण्यात आले. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "माझे हात ओले होते. मोटरची पेटी मीच उघडली होती. निनोंगचा काही दोष नाही." धर्मपित्याला आमच्याकडची मुले निनोंग म्हणतात. ती पेटी तिने कधीच उघडली नव्हती. मी उठून सांगू लागले तेव्हा आपण मला बसायला सांगितले, कारण जखमी व्यक्तीचे म्हणणेच ग्राह्य.

घरी येऊन मी विचारले, "का केलंस?"

ती म्हणाली, "आई, तो आदल्या दिवशी मागाजवळ येऊन बसला होता. तू बाजारात होतीस. रडत होता. म्हणाला, परवाना गेला तर माझी पोरं काय खातील?"

"आणि तू काय खाशील?"

"मला इथंच राहायचंय ना. तू भांडून थकशील आणि मग आपल्या घरी कुणीच येणार नाही."

माझ्या बाजूने उभे राहणारे एकच माणूस उरले होते, तेही त्यांनी रडून नेले. मुलीला मी दोष देत नाही. तिचे म्हणणे खोटे आहे, एवढे मात्र आई म्हणून नाही, साक्षीदार म्हणून लिहून देते.

११. यानंतर मी डुकरीण घेऊन वाडीत फिरले, हे खरे आहे. आधीची चाचणी अग्राह्य ठरली होती ती एकाच घराची होती म्हणून, असे मला वाटले. नेनिताच्या परसात दोरी बांधली. डुकरिणीने मान झटकली आणि सळई बाहेर आली. नेनिता खराटा घेऊन धावली, मग तुकडा बघून खराटा टेकून उभी राहिली. पुढच्या घरीही तेच झाले. त्याच्या पुढच्या घरच्या म्हाताऱ्याने मला शिव्या दिल्या, नंतर स्वतःच वाकून ओढले आणि तुकडा हातात आल्यावर शिव्या मध्येच थांबवल्या. तेवढ्यात कापितानांचा माणूस आला. आपल्याकडे तक्रार गेली ती याची.

१२. शाळेत मी डुकरीण नेली नाही. तिथे तिची गरज लागली नाही. वादळानंतर शाळेचे सगळे वायरिंग श्री. आमोगिस यांनीच केले आहे. पाण्याच्या टाकीमागे सळई होती. मी दोन बोटांनी हलवली तर ती हलली. मुख्याध्यापिका श्रीमती पेत्रोनिला बघत होत्या. मुले जिथे हात धुतात तिथेच मोटर आहे, लोखंडी. बाई तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "मोटर मी बंद ठेवते, पंखेही. मुलं घरून पाणी आणतील. पण माझ्याकडून लेखी काही मागू नका, माझी बदली होईल." त्या अजून बंद ठेवतात. वर्गात उकडते म्हणून पालक त्यांच्याशी भांडत आहेत. किती दिवस थांबतील, सांगता येत नाही.

१३. शेवटचे घर श्री. आमोगिस यांचे. मी तिथे भांडायला गेले नव्हते. उलट, मनात होते की तिथेही तुकडाच निघावा. म्हणजे त्यांना काम येतच नाही, शहरात नीट शिकवले नाही, खडक लागतो, असे काहीतरी मला मानता आले असते. माणूस अडाणी निघाला तर त्याला माफ करता येते. मी त्यांच्या परसात दोरी बांधली. डुकरिणीने ओढ घेतली. पुन्हा घेतली. मग ती कंटाळून सावलीत आडवी झाली. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिले, पाय रोवून.

श्री. आमोगिस मागच्या दारात येऊन उभे होते. म्हणाले, "कुमारे, सोड. ती नाही निघायची."

मी विचारले, "का?"

"ती पुरती ठोकलीय."

बोलून गेल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी दोरी सोडली आणि घरी आले.

तरी माननीयांस विनंती, की :

अ) शाळेच्या कामाची तपासणी प्रथम व्हावी, माझ्या घराची शेवटी झाली तरी चालेल. तपासणारा वायरमन खाडीपलीकडचा असावा. त्याचे जेवण मी करीन, पण तो कुणाचा कुम्पारे नसावा.

आ) तोपर्यंत शाळेची मोटर बंद ठेवण्याचा लेखी आदेश आपण स्वतःच्या सहीने द्यावा, म्हणजे श्रीमती पेत्रोनिला यांना एकटीने ते ओझे वाहावे लागणार नाही.

इ) श्री. आमोगिस यांच्या परवान्याचे काय करायचे ते आपण ठरवावे. मी त्याबद्दल काही मागत नाही, कारण क्लारिबेलने मागू नकोस म्हटले आहे. परंतु ते शाळेत आले, तर सळई ठोकताना कुणीतरी शेवटच्या घावापर्यंत तिथे उभे राहावे. मी जेवणाचे बघायला आत गेले होते.

शाळा सुरू आहे व मुले घरून आणलेले पाणी दुपारपर्यंत संपवतात, एवढे सांगून थांबते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
एस्कोलास्तिका लुमांतास
कांदाओ वाडी
दि. ९ ऑगस्ट

सोबत : सळईचे तुकडे, नग चार (माझ्या घरचा, नेनिताच्या घरचा व पुढच्या दोन घरांचे). शाळेचा तुकडा होता तिथेच ठेवला आहे. आपण येऊन स्वतःच्या हाताने ओढून पाहावा.