खर्चुडीचं एकच फूल

१२ ऑगस्ट २०१५
गच्चीवरच्या सातही कुंड्या गेल्या. टँकर आठव्या दिवशी येतो, तरी आंघोळीतलं निम्मं पाणी खर्चुडीच्या, कंदिलफुलांच्या या रानवेलीच्या, कंदांना घालत होते. संध्याकाळी सुजाता आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता वाळूजला शाळेत शिकवते. बोटानं माती उकरली, वास घेतला आणि यांच्यादेखत हसली. "कुजलेत, मॅडम. कंदाला तहान लागू द्यावी लागती." बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं मी. हेही हसले. चहा तिला बिनसाखरेचा दिला, मुद्दाम. गुपचूप प्यायली.

१६ ऑगस्ट
रविवार. सु.ने हर्सूल तलावामागच्या टेकडीवर नेलं. लहानपणी ही तिथं शेळ्या चारायची, भूक लागली की हेच कंद उकरून खायची. पाऊस नाही, सगळं करपलेलं. काटेरी झुडपाच्या आडोशाला एकच वेल, वेलीला एकच कळी. साधी खर्चुडी नव्हे. घरी येऊन सगळी पुस्तकं काढली. या जातीची या जिल्ह्यात नोंदच नाही.

खाली प्लॉटिंगची फक्की मारलेली, जेसीबी येऊन उभा. सु.चं म्हणणं, उमललेल्या फुलाचा फोटो वनखात्याच्या साहेबांना दाखवला तर काम थांबेल. तिला रविवारशिवाय सवड नाही. माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. "तुम्ही सोबत असल्यावर साहेब ऐकतील."

नोंद झाली तर तिच्या नावानं होणार. जिला मायक्रोस्कोपला डोळा लावायला मी शिकवलं तिच्या.

२२ ऑगस्ट
शनिवारी सकाळी एकटीच गेले, रिक्षानं. उमललं होतं. पांढरा कंदील, आतून जांभळा. पोटावर पालथी पडून तासभर फोटो काढले. कोपरं सोलली. उन्हाच्या उलट बाजूनं घेतलं तर नळीत अडकलेली चिलटाएवढी माशी दिसते. आतले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत, फूल सुकेपर्यंत. असा फोटो आयुष्यात…

मग खुडलं. नखानं. हर्बेरियमसाठी, वाळवून ठेवायचा नमुना म्हणून घेते आहे असं वाटेत स्वतःला सांगत आले. या वहीत तरी खोटं नको. तिला मिळू नये म्हणून खुडलं. माशी आतच होती, कागदात दोघं दाबून ठेवली.

२३ ऑगस्ट
सु.बरोबर गेले. ती नुसता देठ बघून खालीच बसली. मी म्हटलं, शेळ्यांनी खाल्लं असेल.
"शेळी अशी खुडत नाय, मॅडम. ओरबाडती."
पाठीवरून हात फिरवला तिच्या. बरं वाटलं मला. लाज नव्हे, बरंच वाटलं.

३० ऑगस्ट
सु.ने साहेबांना टेकडीवर आणलं. भला माणूस. वेल बघितली, पानावरून काही ठरत नाही म्हणाले, फूल कुणी पाहिलंय का? सु.ने माझ्याकडे बोट केलं. मॅडमनी निदान कळी तरी पाहिली आहे, त्यांना ओळखता येईल.
मी म्हटलं, "कळीवरून खात्रीनं सांगता येत नाही."
शास्त्रात बसणारं वाक्य. हे वाक्य लिहिलं नाही म्हणून मी मुलांचे मार्क कापायचे. साहेबांनी वही मिटली. पुरावा आणा, आठ दिवस वाट पाहतो म्हणाले. उतरताना सु. पुढे चालत होती. तरी निसरड्या मुरमावर मागे वळून हात दिला. नको होता तो हात.

४ सप्टें.
टेकडीची अलीकडची बाजू सपाट केली. वेल पलीकडे आहे, अजून. हे विचारतात, जेवत का नाहीस. चिडले त्यांच्यावर.

६ सप्टें.
सु. आली. चपला दारातच, आत बसली नाही. गावाकडच्या पोरांच्या परीक्षेचं बोलली, पाण्याचं बोलली. मग सहज म्हणावं तसं, "आमचे काका अजून तिकडंच शेळ्या चारतात. शनिवारी सकाळी तुम्हाला बघितलं म्हणाले. पालथ्या पडल्या होता."
लगेच पुढं म्हणाली,
"उद्या साहेबांचा शेवटचा दिवस हाय. मी रजा टाकलीय. दहाला न्यायला येते. येताना कॅमेरा घ्या, मॅडम."
रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते.

७ सप्टें.
साडेनऊ. फोटो सगळे आहेत, तारखेसकट. दाखवले तर टेकडी कदाचित वाचेल आणि मी तिच्यासमोर, साहेबांसमोर उघडी पडेन. पुसायला एक बटण पुरे. मग काका म्हणजे एक म्हातारा गुराखी, त्याचं कोण ऐकतं?
असं लिहवतं मला अजून.
साडी नेसून बसले आहे. कॅमेरा मांडीवर. खाली गाडी थांबल्याचा आवाज. ही कधी उशीर करत नाही.