एक रेघ लाल, दोन रेघा हिरवा

खामगाव,
३० ऑगस्ट १९६४

तीर्थस्वरूप किसनमामांस निवृत्तीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमची आणि केसरमामीची खुशाली विमलताईनं सांगितली. परवाच मुंबईहून तिच्याकडे आलो. रोहिणखेड इथून काही लांब नाही, पण पाऊल उचलत नाही, म्हणून आधी पत्र. चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही. कान धरायचा तर धरा.

मुंबईत विजेच्या गाड्यांचे डबे रंगवायच्या कारखान्यात मी कामाला आहे. जुना रंग खरवडला की खाली त्याहून जुना निघतो. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळट, असं सोबतचे सांगतात. आपण पोळ्याआधी शिंगं खरवडायचो तेव्हा मागच्या पोळ्यांचे रंग निघायचे, अगदी तसं. दर काही वर्षांनी वरचे साहेब नवा रंग ठरवतात. यंदा खाली चॉकलेटी आणि वर मलईचा.

आधी मीही डबे रंगवायचो, आता रंग देत नाही. डब्यांवर नाव आणि आकडे लिहितो, तेही एकाच रंगात. का, ते सांगायलाच हे पत्र.

चैत्रात एका दाराजवळची खरचटलेली जागा चॉकलेटी करायची होती. मी ती हिरवी केली. सगळा कारखाना पोट धरून हसला. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं पुढे ठेवली, म्हणाले यात आकडा वाच. मला नुसते ठिपके. त्यांनी विचारलं, "आईच्या भावाला असं आहे का? हे आईकडूनच येतं."  बाहेर पायरीवर बसून रडलो.

मामा, चार वर्षांपूर्वीच्या त्या पोळ्याला तुम्ही रंगवलेल्या पाटलांच्या बैलाचं एक शिंग लाल आणि एक हिरवं झालं. तोरणाखाली सगळे ओरडले, "किसनाले रंगच दिसत नाई!" सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मी. खरं सांगतो, मला दोन्ही शिंगं सारखीच दिसत होती. लोक हसले म्हणून हसलो.

आणि "लाल दे बे, निवृत्त्या" म्हणालात तेव्हा हिरव्याचा डबा मीच दिला होता. तुम्ही ते कोणाला सांगितलं नाही. कुंचला खाली ठेवला तो ठेवलाच. अजून लोक बैल घेऊन येतात आणि तुम्ही परत पाठवता, असं ताई म्हणते. तुमचा हात माझ्यामुळे थांबला. मला माफ करा.

आजी म्हणायची, "पोरगं मामावर गेलं वं." मला वाटायचं, नाकाबद्दल बोलते.

सोबत रंगाचे दोन डबे आणलेत. कारखान्यातला सहदेव माझ्यासाठी झाकणांवर खुणा करतो, तशाच केल्यात. एक रेघ लाल, दोन रेघा हिरवा. तरी उघडल्यावर आधी मामीला दाखवू, आपल्या दोघांचा भरवसा नाही.

पोळा आठवड्यावर आलाय. तुम्ही नको म्हणालात तर ताईकडूनच परत जाईन. हो म्हणालात तर शिंगं तुम्ही रंगवा. डबा मी देतो.

तुमच्यावरच गेलेला,
निवृत्ती